उत्तरेकडे काढलेली मोरी

कुणी नवं घर बांधलं आणि मला बघायला बोलावलं, की मी आधी बाथरूममध्ये जाते. देवघर नंतर, स्वयंपाकघर नंतर. बादलीभर पाणी फरशीवर ओतते आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहते. मग दुसरी बादली, मग तिसरी. माझ्या सुना एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. एका बादलीवर माझा विश्वास नाही, आणि एका तांब्यावर तर मुळीच नाही. एका तांब्यानं आमच्या घरात काय केलं ते त्यांना ठाऊक नाही.

गोष्ट साठ सालाच्या मागची-पुढची. रनाळ्याजवळचं आमचं गाव, चहूकडे काळी जमीन, कापूस आणि मिरची. घरात आप्पा म्हणजे माझे वडील, माय, काका-काकू आणि मी. मोठी बहीण अक्का नंदुरबारला दिलेली. आमची जुनी न्हाणी परसात होती. बसायला एक मोठा काळा दगड, भोवती कपाशीच्या पऱ्हाट्यांचा शेणानं सारवलेला कूड, वर आभाळ. पाणी दगडावरून दक्षिणेला केळीच्या बेटात जायचं आणि तिथून नाल्यात. गावाचा उतारच तसा होता. तीन पिढ्यांच्या बायका तिथे न्हाल्या, पण न्हाणीचं पाणी कुठे जातं हा प्रश्न कुणाला कधी पडला नाही.

बायका म्हणते ते मुद्दाम. आमच्याकडचे पुरुष घरी न्हायचेच नाहीत. सकाळी मळ्यात जायचं, विहिरीवर इंजिन सुरू झालं की त्या धारेखाली बसायचं, ओलं धोतर बांधावर वाळत घालायचं. न्हाणी ही बायकांची जागा. तिचं सुखदुःख पुरुषांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि ते माहीत करून घेण्याची त्यांना कधी गरजही वाटली नाही.

गरज वाटली ती अब्रूची. अक्काचे यजमान कचेरीत नोकरीला, त्यांच्या घरी सिमेंटची बाथरूम, तिला कडी-कोयंड्याचं दार. दिवाळसणाला ते आमच्याकडे आले. जावयाला मळ्यात कसं न्यायचं, म्हणून परसातल्या न्हाणीत अभ्यंगस्नान. ऐन साबण लावलेला असताना शेळीनं कुडातून डोकं आत घातलं. जावई भला माणूस, हसला आणि घरी जाऊन सांगितलं. तिथून ते हसू फिरत फिरत आप्पांच्या कानावर आलं. पुढच्या पावसाळ्यात अक्काला दिवस गेल्याचा निरोपही आला. पहिलं बाळंतपण माहेरी. आप्पांनी ओट्यावर बसून जाहीर केलं, "मन्ही आंडेर येवाना पहिले पक्की बाथरूम जोयजे." आंडेर म्हणजे लेक. न्हाणी हा शब्द त्या दिवसापासून त्यांनी टाकूनच दिला.

आप्पांचं अक्कावर प्रेम होतं, हे मी आज रागात असले तरी लिहून ठेवते. नसतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

सारंगखेड्याच्या मागल्या यात्रेतून आणलेलं घरबांधणीच्या शुभाशुभाचं एक पातळ पुस्तक त्यांनी बाहेर काढलं. आप्पांना सही येत होती, हिशेब येत होता, पण छापील वाचायला बसले की ओळ संपेपर्यंत चहा थंड व्हायचा. मी सातवीची फायनल पास झालेली, पंधरा वर्षांची, गावातल्या मुलींत सगळ्यांत जास्त शिकलेली. त्यांनी मला समोर बसवलं आणि वाच म्हणाले. मी शाळेतल्या बाईंसारख्या खणखणीत आवाजात वाचू लागले. एका पानाच्या तळाशी असं होतं की, सांडपाणी दक्षिणेला सोडू नये, ती यमाची दिशा, घरच्या लेकीबाळींना पीडा होते.

लेकीबाळी हा शब्द ऐकला आणि आप्पांनी हात वर केला. "बस. समजनं."

मी थांबले. ते उठून गेले. मी पान उलटलं. पुढच्या पानाच्या पहिल्या दोन ओळींत लिहिलं होतं की, जमिनीचाच उतार दक्षिणेला असेल तर पाणी तिकडेच जाऊ द्यावं, त्यात दोष नाही. घराशी पाणी साचणं हा सगळ्यांत मोठा दोष, आणि त्याची पीडा बायकामुलांनाच.

मी ते वाचलं. मनातल्या मनात नाही, ओठ हलवून वाचलं. आणि पुस्तक मिटून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. आप्पांनी बस म्हटल्यावर बोलायचं नाही ही घराची रीत, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. त्याच संध्याकाळी आप्पा ओट्यावरच्या लोकांना सांगत होते, "मन्ही पोर पुस्तक धडाधड वाचस," आणि मी दाराआड उभी राहून ऐकत होते. आता जाऊन सांगायचं की अर्धंच वाचलं होतं? माझी पत राहिली असती का? पंधरा वर्षांच्या पोरीची पत! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नंदुरबारहून गवंडी आला. आप्पांनी त्याला मोरी उत्तरेला काढायला सांगितली. तो कामातला माणूस होता, त्यानं परसात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "आप्पा, तिकडे जमीन चढस. पानी कसं जायी?"

"पानी कसं जायी ते तू देख. मी दिशा सांगी दिनी."

मिस्तरीनं पागोटं काढून डोकं खाजवलं. पुन्हा काही बोलला नाही, हा त्याचा गुन्हा. पोटासाठी आलेला माणूस, मालकाशी कशाला वाद घालेल, हे मला कळतं, पण माफ करवत नाही. त्यानं फरशी दीड हात भर घालून उंच केली, उत्तरेला जेमतेम ढाळ दिला, भिंतीबाहेर खापराचा नळ काढला आणि निंबाखाली खड्डा खणून त्यात विटांचे तुकडे भरले. पाणी त्या खड्ड्यात जिरणार. काळ्या जमिनीत! ती माती एकदा पाणी प्यायली की फुगून तोंड मिटते, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. आप्पांचा जन्म त्याच मातीत गेला. कपाशीत पाणी साचलं तर चर कुठून काढायचा, हे ते डोळे मिटून सांगत. पण घराच्या भिंतीशी आल्यावर ती माती त्यांना दिसेना, पुस्तक दिसू लागलं.

जुना कूड मोडला. काळा दगड चार गड्यांनी लोटत नेऊन गोठ्यात टाकला. नव्या बाथरूमला पत्र्याचं दार लागलं, आत तांब्याचा बंब आला, आणि आप्पांनी दारावर आंब्याचं तोरण बांधलं.

पहिले आठ दिवस पाणी गेलं. खड्डा कोरडा होता, जाणारच. नवव्या दिवशी माय न्हाली, काकू न्हाली, आणि मी न्हायला बसले तर मागल्या दोघींचं पाणी माझ्या घोट्याला लागलं. साबणाचा फेस, काकूच्या शिकेकाईचा चोथा, सगळं उत्तरेच्या भोकातून उलटं आत येत होतं. पाट तरंगायला लागला. मी अंगावर नुसतं लुगडं गुंडाळून बाहेर आले.

संध्याकाळी मायनं चुलीकडे बघत, कुणाला उद्देशून नाही असं, पाणी तुंबतं म्हणून सांगितलं. आप्पांशी ती असंच बोलायची. आप्पा उठले, तांब्याभर पाणी घेतलं, बाथरूमच्या उंबऱ्यात उभे राहून आत ओतलं. पाणी गेलं. जाणारच, दिवसभरात खड्ड्यानं घोटघोट करून थोडी जागा केलेली होती.

"हाई देख. गयं ना पानी? मंग काय रडी ऱ्हायन्यात?"

असं एकदा नाही, पाच-सहा संध्याकाळी झालं. दर वेळी एक तांब्या. सकाळी, आम्ही न्हात असताना किंवा न्हाऊन झाल्यावर लगेच, बायकांच्या जागेत येऊन बघणं त्यांना शोभणार नव्हतं. आणि आमचं तोंडचं सांगणं म्हणजे बायकांची कुरकुर. आमच्या पायांना खाज सुटली, काकूच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. ती पाय पुढे करून दाखवायला लागली तर काका तोंड फिरवून उठून गेले.

शेवटी पाणी तुंबतं हे मान्य झालं, पण कशामुळे, तर बायकांच्या केसांमुळे. आप्पांनी निकाल दिला की तुम्ही केस सोडता, भांडी घासायला राख नेता, शिकेकाई टाकता, म्हणून नळ भरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या दिवशी मात्र माय चुलीकडे न बघता बोलली.

"केस काय आजच गयाले लागनात का? जुनी न्हानी कव्हय तुंबनी?"

काकांनी वेळूची काठी आणून नळात घातली. काठी सरळ आरपार गेली, केसांचा एक पुंजका निघाला सुपारीएवढा. तो पुंजका काकांनी अंगणभर सगळ्यांना दाखवला. मग आम्हाला बंदी झाली. केस अंगणात विंचरायचे, शिकेकाई फडक्यातून गाळायची, भांडी बाहेर घासायची. पाणी तुंबतच राहिलं. मग मिस्तरीला बोलावून खड्डा दोन हात आणखी खोल केला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी जैसे थे. मग नळ बदलला. मग भोकाला जाळी बसवली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मिस्तरी दर वेळी चढाकडे बघायचा आणि दर वेळी तोंड मिटून काम करायचा. आणि मी दर वेळी माझ्या पेटीकडे बघायचे. माझ्या डोळ्यांसमोर माय रोज बोलणी खात होती, आणि तिला सोडवणारं पान त्या पेटीत माझ्या घडीच्या परकराखाली ठेवलेलं होतं.

हे दोन महिने चाललं. पौषात अक्का आली. नवव्या महिन्यात पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. आठवड्यात मोकळी झाली. मुलगी.

आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घालणं म्हणजे दोन तांब्यांचं काम नाही. तेल जिरवायचं, मग कढत पाण्याचे हंड्यावर हंडे कमरेवर सोडायचे, मग बाळाला पायांवर घेऊन त्याचं न्हाणं. पाचव्या दिवशी न्हाणं सुरू झालं. तिसऱ्या हंड्याला अक्काभोवती पाणी जमलं, पाचव्या हंड्याला ती त्या पाण्यात बसलेली होती. वरून कढत, खालून थंडगार आणि घाण. पौषातली थंडी, आणि ओल्या बाळंतिणीच्या अंगाला दोन महिन्यांची ती घाण लागत होती. दुसऱ्या दिवशी सुईण कमरेला पदर खोचून बाहेर आली. गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, ती कुणाला भीत नव्हती.

"हाई न्हानी शे का डबकं शे? मी आठे बायतीनले नही न्हावाडनार."

मायनं गोठ्याचा कोपरा झाडला, दोन खाटा उभ्या करून वर गोधड्या टाकल्या. आत तोच काळा दगड होता. चार दिवस अक्का त्यावर बसून न्हाली. पाणी गोठ्याच्या नालीतून दक्षिणेला निघून जायचं. अक्काच्या चेहऱ्यावर रंग आला. आम्ही सगळ्यांनी ती गोष्ट आप्पांपासून लपवली, जणू आम्ही काही पाप करत होतो.

दहाव्या दिवशी आप्पा मळ्यातून लवकर परतले आणि त्यांनी गोठ्यातून निघणारी वाफ बघितली.

"मन्ही आंडेर ढोरेसमा न्हाई ऱ्हायनी? परवा बारसाले याही-विहीन येथीन, त्या काय म्हनथीन?"

ते ओरडत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हाही त्या पाण्याचा राग आला. लेकीसाठी रडायचं, पण लेक काय सांगते ते ऐकायचं नाही! अक्का आतून म्हणत होती, आप्पा, मला इथेच बरं वाटतं. कुणी ऐकलं नाही. दहाव्या दिवशी अर्ध्या न्हाण्यातून उठवून, आणि पुन्हा अकराव्या दिवशी, तिला त्या सिमेंटच्या डबक्यात बसवलं. सुईण आलीच नाही, मायनं न्हाऊ घातलं. अकराव्या दिवशी दुपारी अक्काला हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं. बाळंतिणीचा ताप म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. शेजारच्या आळीतली एक सून आदल्याच वर्षी त्यात गेली होती.

बाराव्या दिवशी सकाळी विहीणबाई यायच्या होत्या. ताप थोडा उतरला होता. आप्पा परसात उभे राहून म्हणाले, कढत पाणी काढा, तिला न्हाऊ घाला, नवं लुगडं नेसवा. मायनं अक्काचा दंड धरून तिला उठवलं. अक्का उंबऱ्याशी आली आणि आत बघून थांबली. आत कालचं पाणी तसंच होतं. तिनं नुसती भिंत धरली.

मी पेटीकडे धावले. पुस्तक आणलं, आप्पांच्या समोर उभी राहिले आणि ते पान वाचलं. आवाज खणखणीत नव्हता. दोन ओळी वाचायला मला जन्म गेल्यासारखा वाटला.

आप्पांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, स्वतः वाचलं. आम्ही सगळे उभे. मग पुस्तक कोनाड्यात ठेवलं, गोठ्यातून पहार आणली आणि धोतर वर खोचून ते त्या पाण्यात उतरले. त्या बाथरूममध्ये आप्पांचे पाय पहिल्यांदा ओले झाले. पाण्यात गेल्यावर ते क्षणभर तसेच थांबले, खाली बघत. मग दक्षिणेच्या भिंतीला, फरशीच्याही खाली, घाव घालायला लागले. विसेक घावांत भोक पडलं. पाणी खळाळत निघालं आणि केळीच्या वाळल्या बेटाकडे, मग नाल्याकडे, कुणी वाट न दाखवता गेलं.

"पोर शिकेल शे म्हनीसन निभनं," आप्पा धापा टाकत म्हणाले.

माय अक्काला धरून उभी होती. ती चुलीकडे नाही, भिंतीकडे नाही, सरळ आप्पांकडे बघून बोलली.

"मी दोन महिनापाईन हाईच सांगी ऱ्हायनू. पुस्तकनी सांगं तवय खरं व्हयनं का?"

आप्पांनी पहार खाली ठेवली.

अक्काचा ताप महिनाभर हटला नाही. रनाळ्याहून डॉक्टर सायकलवर यायचे, सुया टोचायचे. तिचं दूध आटलं, पोर शेळीच्या दुधावर वाढली. दोघी जगल्या, पण अक्काची कंबर कायमची गेली. तिशीतच ती भिंत धरून उठायची.

पण मला त्याच दिवसाची दुपार सांगायची आहे. बारसं झालं, विहीणबाई जेवून गेल्या. आप्पांनी त्यांनाही सांगितलं होतं की धाकटीनं पुस्तकातून शोधून काढलं. त्या माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. मी बाळंतिणीच्या खोलीत अक्काच्या खाटेशी बसले होते. पोर माझ्या मांडीवर झोपलेली. मिस्तरीला निरोप गेला होता, आणि परसातून काकूच्या भांडी धुण्याचा आणि दक्षिणेला जाणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. अक्काला पुन्हा ताप चढत होता, पण डोळे उघडे होते.

"तू ते पान कव्हय वाचं?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. सकाळीच वाचलं म्हटलं असतं तर घरात कुणालाही शंका आली नसती.

"आप्पानी बस म्हनं, त्याच दिन," मी म्हणाले.

अक्का कोपरावर रेटा देऊन अर्धी उठली आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे मन्ही पोर."

मी दिली. तिनं ती आपल्या कुशीत पलीकडच्या अंगाला, भिंतीकडे ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून झोपली.